क्रोशाची बर्फाची फुलं वाटीसारखी कामून व्हायलीत? नाताळपर्यंत चाळीस पाहिजेत

सुईदोरा_जालना, ३ डिसेंबर, रात्री ११:१०

मंडळी मदत करा, मी स्वतःच्या तोंडानं फसलेय.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून दिवाळीचं ताट आमच्याकडून त्यांच्याकडं आणि नाताळच्या करंज्या-चकल्या त्यांच्याकडून आमच्याकडं असं चालूय. त्यांच्या झाडाला दरवर्षी क्रोशाची पांढरी बर्फाची फुलं असायची, सगळी त्यांनीच विणलेली. यंदा पावसाळ्यात छत गळून ट्रंकेत पाणी शिरलं आणि फुलांवर काळी बुरशी आली, एकपण वाचलं नाही. मावशींचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं बारीक काम बंद. तर मी म्हणलं मावशी काळजी कामून करता, चाळीस फुलं मी देते की करून.

क्रोशा मला येतो हो. रुखवतातलं तोरण, ताटावरचे रुमाल, टीव्हीचं कव्हर सगळं केलंय. पण हे फूल काही सपाट बसंना. दुसऱ्या ओळीपर्यंत नीट असतं, तिसरीपासून कडा वर उचलायला लागते आणि शेवटी पार आमटीची वाटी. सहा केले, सहाच्या सहा वाट्या. मावशींनी त्यांचं जुनं इंग्रजी पुस्तक दिलंय त्यावरून करायलेय. डीसी म्हणजे डबल क्रोशे लिहिलंय तिथं खांब, म्हणजे उंच टाका घालते, व्हिडिओत तसंच सांगतात. आणि सरकत्या टाक्यासाठी जागोजाग एसएल एसटी एसएल एसटी लिहिलंय, मला सारखा लाल डबाच दिसतो डोळ्यासमोर 😅

२० नंबरचा दोरा, १ एमएमची सुई.

परभणीची_माय, ३ डिसेंबर, रात्री ११:३२

हात घट्ट आहे तुझा बाई. रुमालाला चालतो घट्ट हात, याला सैल लागतो. एक नंबर मोठी सुई घेऊन बघ.

मुंबईत_अडकलेली, ३ डिसेंबर, रात्री ११:४०

मी मूळ बीडची. माझं उलटं होतं, वाटी नाही तर झालर पडते, कडेला लाटा लाटा. मला पण सांगा कोणीतरी.

गुंडा_नंबर_२०, ४ डिसेंबर, सकाळी ७:०५

जालनाताई, एक सांगा, त्या पुस्तकात सिंगल क्रोशे असा शब्द कुठंतरी आहे का? एससी म्हणून? नीट बघून सांगा मग बोलते.

सुईदोरा_जालना, ४ डिसेंबर, दुपारी १:२०

पोरांचे डबे, मग लाईट गेली, आत्ता बघितलं. एससी कुठंच नाही. डीसी आहे, टीआर आहे, एचटीआर आहे.

गुंडा_नंबर_२०, ४ डिसेंबर, दुपारी १:४५

मग सापडला चोर. तुमचं पुस्तक ब्रिटिश आहे ताई आणि व्हिडिओवाली बाई अमेरिकन. दोघी डीसीच म्हणतात पण टाका वेगळा. अमेरिकेचा डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका, आणि खांबाला ते ट्रेबल (टीआर) म्हणतात. ब्रिटिश पुस्तकात सिंगल क्रोशे हा शब्द सहसा नसतो, म्हणून एससी दिसलं की बहुतेक अमेरिकन समजायचं, अख्ख्या पुस्तकात कुठंच नसलं की बहुतेक ब्रिटिश.

तुम्ही मुक्या खांबाच्या जागी उंच खांब घातले पण टाके तेवढेच ठेवले. उंची वाढली, घेर वाढलाच नाही, मग कड आत ओढणारच. साडीच्या फॉलचं कापड आटलं की काठ कसा गोळा होतो, तसं. मुंबईवाल्या ताईंचं याच्या उलट, घेराला लागतात त्यापेक्षा टाके जास्त पडायलेत, म्हणून झालर. मी पण वर्षभर अशा वाट्या केल्या होत्या, देव्हाऱ्यात उदबत्तीच्या घराखाली ठेवून संपवल्या.

परभणीची_माय, ४ डिसेंबर, दुपारी २:०२

म्हणून म्हणते आपली भाषा बरी. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब. परभणीतला खांब आणि लंडनातला खांब एकच. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, ती नुसती नमुना हातात घेऊन खांब मोजायची आणि संध्याकाळपर्यंत तस्साच दुसरा तयार.

सुईदोरा_जालना, ४ डिसेंबर, रात्री १०:५०

अगं माय!! झालं सपाट!! सहा वाट्या उसवल्या, दोरा कुरळा झालाय पण चालतंय. गुंडाताई तुमचे पाय कुठंयत.

नांदेडकरीण, ५ डिसेंबर, सकाळी ९:१५

मला पण करायचीत पण माझ्याकडं आठ पाकळ्यांचा नमुना आहे, रुमालाच्या मधल्या फुलाचा. तोच बारीक करून टोकं काढली तर?

लातूरचे_विज्ञानसर, ५ डिसेंबर, सकाळी ९:४०

बायकोच्या खात्यावरून वाचत असतो, पण आता राहवेना म्हणून स्वतःचं खातं काढलं. आठ नको हो ताई, सहाच घ्या. पाणी गोठतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना धरताना षटकोनी जाळी करतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी, म्हणून कण वाढतो तो सहा दिशांनी. बाजारातल्या सजावटीवर आठ टोकांचे बर्फाचे कण दिसले की माझा दिवस खराब जातो. केप्लर, तोच ग्रहांच्या कक्षावाला, त्यानं १६११ साली याच्यावरच एक छोटी पुस्तिका लिहिली, बर्फाला सहाच कोपरे का म्हणून. रेणू माहीत नव्हते तेव्हा, तरी गोळे रचून विचार केला पठ्ठ्यानं.

नांदेडकरीण, ५ डिसेंबर, सकाळी ९:५२

सर झाडावर चढून मोजतंय कोण 😄

लातूरचे_विज्ञानसर, ५ डिसेंबर, सकाळी ९:५५

मी.

गुंडा_नंबर_२०, ५ डिसेंबर, सकाळी १०:३०

सरांच्या बाजूनं मी. विणायला पण सहा सोपं पडतं. पहिल्या गोलात बारा खांब, दोन दोनची जोडी, सहा खिडक्या, डोक्याला ताप नाही. नांदेडताई, इंग्रजीत अडकू नका, मी करते तो नमुना आपल्या भाषेत देते.

६ साखळ्या घालून गोल जोडायचा. आता ३ साखळ्या, त्या पहिला खांब म्हणून धरायच्या, गोलातच अजून १ खांब, मग २ साखळ्या. पुढं २ खांब २ साखळ्या असं अजून पाच वेळा, शेवट पहिल्या खांबाच्या डोक्यावर जोडून टाकायचा. सहा जोड्या सहा खिडक्या मोजून घ्या, इथं चुकलं तर पुढं रडायची वेळ येते.

दुसरी ओळ. सरकता टाका घेत घेत पहिल्या खिडकीत या. प्रत्येक खिडकीत २ खांब, ३ साखळ्या, २ खांब. पहिला खांब परत ३ साखळ्यांचाच. दोन खिडक्यांच्या मधे साखळी घालायची नाही, खांबाला खांब चिकटू द्या.

तिसरी ओळ म्हणजे खरी मजा. सरकत सरकत ३ साखळ्यांच्या टोकात या, तिथं १ मुका खांब. त्याच मुक्या खांबावर ५ साखळ्यांचा लूप करून जोडा, मग ७ चा लूप, मग परत ५ चा. तीन पानांचं बेल तयार होतं बघा. त्याच टोकात अजून १ मुका खांब घाला म्हणजे पान पक्कं बसतं. मग ३ साखळ्या, दोन गठ्ठ्यांच्या फटीत १ मुका खांब, ३ साखळ्या, की पुढचं टोक. सहा झाली की गाठ मारून दोरा आत दडवायचा. २० नंबरच्या दोऱ्यात पाणीपुरीच्या पुरीएवढं होतं. ७ साखळ्यांच्या एका लूपातूनच टांगायचा दोरा घालायचा.

मुंबईत_अडकलेली, ५ डिसेंबर, सकाळी ११:१०

तीन पानांचं बेल 😂 नाताळच्या झाडाला सहा सहा बेलपत्रं लावा आता.

उदगीरकर, ५ डिसेंबर, दुपारी ४:००

क्रोशातलं मला ओ की ठो कळत नाही, आई करायची एवढंच. पण तुम्ही सगळ्या बर्फ बर्फ करताय, खरा बर्फ आकाशातून पडताना आपल्याकडं बघितलाय कोणी? आम्ही बघितलाय तो २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधला. हरभरा काढायला आलेला, गहू पिवळा झालेला, आणि लिंबाएवढाल्या गारा. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसलेल्याचं बोललेलं ऐकू येईना. सकाळी रानात पांढरंच पांढरं, मेलेले पक्षी पडलेले. पोरगं माझं लहान होतं, ते म्हणालं बाबा टीव्हीतल्यासारखं झालं. त्याच्या आईनं त्याला आत नेलं.

सॉरी, विषयाचं नाही. पण बर्फाची फुलं म्हणलं की आमच्याकडं जरा वेगळं वाटतं.

परभणीची_माय, ५ डिसेंबर, दुपारी ४:२५

सॉरी कशाचं बाप्पा. आमची मोसंबी गेली होती त्या साली.

लातूरचे_विज्ञानसर, ५ डिसेंबर, रात्री ८:३०

गार आणि हिमकण वेगळे बरं का. गार म्हणजे ढगात वर-खाली हिंदकळताना थंड पाण्याचे थेंब अंगावर गोठत गोठत झालेला गोळा, मधोमध फोडली तर कांद्यासारखे थर दिसतात. हिमकण वाफेतूनच सरळ वाढतो, एकेक फांदी फुटत, म्हणून त्याला ते नक्षीकाम. अमेरिकेत व्हर्मांटमध्ये विल्सन बेंटली म्हणून एक शेतकरी होता, त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये हिमकणाचा फोटो काढला आणि आयुष्यभरात ५,००० च्या वर काढले. आणि जपानच्या उकिचिरो नाकायांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला हिमकण वाढवला तो कशावर माहितीये? सशाच्या केसाच्या टोकावर. म्हणजे तुमच्यासारखंच, बारीक धाग्यावर फूल.

बायको म्हणतेय आता पुरे.

सुईदोरा_जालना, ९ डिसेंबर, रात्री १०:१५

उदगीरदादा तुमचं वाचून त्या दिवशी काही लिहवलंच नाही.

हिशोब: २३ झाली. एकाला मला पंचवीस मिनिटं लागतात, मालिका बघत केलं तर पस्तीस. पण आता दुसरं संकट. फुलं सपाट आहेत पण लुळी पडतात, उचललं की वाळलेल्या पालकासारखी माना टाकतात. मावशी म्हणतात साखरेचं पाणी लावायचं, त्या तसंच करायच्या, दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, उकळून, बुडवून वाळवायचं. लावू का?

नांदेडकरीण, ९ डिसेंबर, रात्री १०:२०

नको!! मुंग्या!!

मुंबईत_अडकलेली, ९ डिसेंबर, रात्री १०:३१

साखर मुंबईत तर विसराच, चार दिवसात चिकट होऊन परत लुळी. तुमच्याकडं डिसेंबरात हवा कोरडी म्हणून टिकत असतील मावशींची. मी फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं करून लावते, खडखडीत होतात, नखानं वाजवलं तर टक टक आवाज येतो.

परभणीची_माय, १० डिसेंबर, सकाळी ६:५०

फेविकॉल कशाला पोरींनो. आयुष्यभर सुती साड्यांना साबुदाण्याची खळ केली ती काय वाया गेली का. दोन चमचे साबुदाणा रात्री भिजव, सकाळी दीड पेला पाण्यात मंद आचेवर हलवत राहा, दाणा दिसेनासा होऊन काचेसारखं झालं की उतरव. गाळून घे नाहीतर फुलावर डोळे डोळे चिकटतात. कोमट असताना फूल बुडव, पिळायचं नाही, फडक्यात दाबायचं नुसतं. पुढच्या वर्षी मळलं तर धुवून परत खळ. फेविकॉलचं धुवून दाखवा मला.

गुंडा_नंबर_२०, १० डिसेंबर, सकाळी ८:१५

माय म्हणतात ते खरं, फक्त खळ नीट वाळवून डब्यात ठेवायची नाहीतर झुरळं येतात. आणि ताणून टोचल्याशिवाय काहीही लावलं तरी उपयोग नाही. थर्माकोलवर प्लास्टिक पसरा, त्यावर ओलं फूल, आधी मधे टाचणी, मग सहा टोकं, मग मधल्या फटी. खाली पेपर घालू नका. मी एकदा पेपर घातला तर शाई उतरली आणि एका फुलावर त्या दिवशीचा सोन्याचा भाव उलटा छापला.

लातूरचे_विज्ञानसर, १० डिसेंबर, सकाळी ८:४०

सहा टोकं अंदाजानं ओढू नका, कोनमापक पण नको. पोराची कंपासपेटी घ्या. कागदावर एक वर्तुळ काढा आणि कंपास न हलवता, तेवढ्याच अंतरानं, परिघावर खुणा करत जा. बरोब्बर सहा खुणा बसतात, सातवी पहिलीवर येऊन टेकते. कागद प्लास्टिकखाली सरकवायचा, खुणेला टाचणी. शाळेत मुलं विचारतात सर याचा आयुष्यात काय उपयोग, आता फोटो दाखवीन.

सुईदोरा_जालना, १२ डिसेंबर, रात्री ९:३०

सरांचा कंपास भारी आहे, पोरगं पण बसलं होतं माझ्यासोबत खुणा करायला. साबुदाणा लावला.

पण टाचण्या गंजल्या!! रात्रभरात. पाच फुलांवर तांबडे ठिपके. रडू यायलंय.

परभणीची_माय, १२ डिसेंबर, रात्री ९:५०

रडू नको. ठिपक्यावर लिंबू पिळून मीठ चोळ आणि दिवसभर उन्हात ठेव, ओलं राहील असं बघ, मग धू. खळ जाईल, परत लाव, खळ काय महाग नाही.

आणि टाचणी सोडून दे. बाभळीचे काटे आण. पांढरे सरळ लांब, थर्माकोलात मस्त रुततात आणि गंज कसा लागतो ते ठाऊकच नाही त्यांना. आमच्या अंगणाच्या कुंपणाला पोतंभर आहेत, तू जालन्याची आहेस, तुझ्याकडं काय कमी.

सुईदोरा_जालना, १४ डिसेंबर, दुपारी ३:१०

लिंबू मीठ चाललं, दोन ठिपके अगदी बारीक राहिले, ते मागच्या बाजूला घेईन.

काटे माझ्या जाऊबाईंनी शेतातून आणले. वाटीभर. आता कल्पना करा, पलंगावर थर्माकोल, त्यावर बाभळीचे काटे, काट्यांत अडकवलेलं बर्फाचं फूल. सासूबाई आत आल्या, बघितलं आणि न बोलता बाहेर गेल्या.

नांदेडकरीण, १४ डिसेंबर, दुपारी ३:४०

😂😂 एक विचारायचं होतं. विकता येतील का ही? आमच्या इथल्या एका गिफ्ट दुकानात विचारलं, ते म्हणाले शंभर द्या, पंधरा रुपयाला एक. वर म्हणतात मशीनची दहाला मिळतात.

गुंडा_नंबर_२०, १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

हे वाचून कान तापले माझे. मशीनवर लेस होते, विणकाम होतं, पण खरा क्रोशा करणारं मशीन अजून बाजारात नाही. दुकानात दहा रुपयाला क्रोशाचं फूल लटकलेलं दिसलं तर ते कुठल्यातरी बाईनं हातानंच केलंय आणि तिला त्यातले किती मिळाले असतील तुम्हीच बघा. पंधरा रुपयात दोरा, खळ, पंचवीस मिनिटं आणि मान. नाही म्हणून या.

नांदेडकरीण, १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:२५

माझी वहिनी आंध्रातल्या नरसापूरकडची. तिकडं घराघरात बायका क्रोशाची लेस करतात, मिशनवाल्यांनी शिकवलेली दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी, २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, तो पण मिळाला. वहिनी म्हणते जीआय मिळाला, चांगलं झालं, पण बाईला पैसे अजून दोऱ्याच्या गुंड्यावरच मोजून मिळतात. दुकानवाल्याला नाही म्हणून आले. तो म्हणाला विचार करा. मी म्हणलं केला.

उदगीरकर, १४ डिसेंबर, रात्री ९:१०

आईचा एक रुमाल काढून बघितला आज. कडेला सहाच पाकळ्यांची फुलं आहेत. एवढी वर्षं बघतोय, मोजली नव्हती कधी.

सुईदोरा_जालना, २२ डिसेंबर, रात्री ११:४५

झाली. चाळीस आणि वर सहा बारकी, उरलेल्या दोऱ्याची, तिसऱ्या ओळीत लूप ३-५-३ चे केले. संध्याकाळी मावशींकडं डबा घेऊन गेले. त्यांनी एक फूल हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, दिसंना म्हणून मग बोटानं टोकं मोजली, एक दोन तीन करत सहा. म्हणाल्या हात सैल झाला तुझा. एवढंच. मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या नर्सिंगच्या मैत्रिणींची नावं होती ती वाचून दाखवायला लावली मला.

चाळीस त्यांच्या झाडाला लावली, मीच लावली स्टुलावर चढून. सहा बारकी त्यांनी परत दिली. म्हणाल्या ही तुझ्या घरी असू दे.

लातूरचे_विज्ञानसर, २३ डिसेंबर, सकाळी ७:००

आठ टोकांचं एकही नाही ना?

सुईदोरा_जालना, २३ डिसेंबर, सकाळी ७:३०

नाही हो सर, झोपा तुम्ही.

सुईदोरा_जालना, १६ जानेवारी, रात्री ८:२०

धागा वर काढतेय, राग नका मानू. ती सहा बारकी फुलं आठवतात का? पुतणीचं बोरनहाण होतं आज. जाऊबाईंनी काळं झबलं शिवलं होतं, हलव्याचे दागिने तर होतेच, पण झबल्याची कड मोकळी वाटत होती, तर मी सहाही फुलं टाकली तिथं टाचून. काळ्यावर काय उठून दिसली म्हणून सांगू, झाडावर पण एवढी दिसली नव्हती. मावशी आल्या होत्या, त्यांनीच पहिली ओंजळ टाकली बोरं-चुरमुऱ्याची.

फक्त कार्टी बोरं सोडून फुलच तोंडात घालून बसली, सुटता सुटंना.

परभणीची_माय, १६ जानेवारी, रात्री ८:४१

खळ कोणती होती त्याला?

सुईदोरा_जालना, १६ जानेवारी, रात्री ८:४३

साबुदाण्याची.

परभणीची_माय, १६ जानेवारी, रात्री ८:४४

मग खाऊ दे.